फळांच्या कचऱ्यापासून इथेनॉल: मुंबईत पहिल्यांदा करून बघणाऱ्यांसाठी

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय अल्कोहोल तयार करणं हा गुन्हा आहे, आणि इथेनॉल हे अल्कोहोलच. तुमचा हेतू इंधनाचा असला तरी पिंपातला आंबवलेला रस पोलिसांच्या पंचनाम्यात 'कच्चं रसायन' म्हणूनच लिहिला जातो. म्हणून हे काम घरी, सोसायटीच्या गच्चीवर किंवा गावच्या पडवीत करायचं नाही. कॉलेजची प्रयोगशाळा, मार्गदर्शक शिक्षक, विभागप्रमुखांचं पत्र आणि कॉलेजमार्फत राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारणा, या क्रमाने चला. 'एवढंसं तर करतोय' हे तोंडी उत्तर कुठेच चालत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे रस उकळून त्यातलं अल्कोहोल वेगळं काढणं, करायचं असेल तर परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय काचेची नळीसुद्धा जोडू नका.

दुसरी गोष्ट: यातून निघेल ते कोणीही, गंमत म्हणूनही, चाखायचं नाही. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन हा चिकट पदार्थ असतो. तो तुटताना मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल सुटतं, आणि साल जास्त असेल तर तेही जास्त. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर 'इंधनासाठी, पिण्यास घातक' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण रात्री लादी पुसायला येणाऱ्या मावशींना सूत्रं वाचता येत नाहीत.

अपेक्षा किती ठेवायची?

एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं, कारण उरलेलं वजन कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातं. दहा किलो फळांच्या कचऱ्यात दहा टक्के साखर धरली तर साखर एक किलो, इथेनॉल कागदावर ५११ ग्रॅम, म्हणजे साधारण ६५० मिलिलीटर. साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी म्हणजे यीस्ट. ते स्वतःची वाढ करायला थोडी साखर खातं, थोडी चोथ्यात अडकून राहते, थोडं अल्कोहोल उडतं. अर्धा लीटर हाताला लागलं तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

माझं स्पष्ट मत सांगतो. फळांचा कचरा म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाणी टेम्पोत घालून शहरभर फिरवणं परवडत नाही. देशात पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल मुख्यतः मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांतून येतं, ते उगीच नाही. राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ने माणसाच्या खाण्यालायक न उरलेल्या धान्याला आणि सडक्या बटाट्यालाही दार उघडलं. तरी फळांचं गणित तिथेच जमतं जिथे कचरा एका जागी, रोज, मोठ्या प्रमाणात पडतो: वाशीचं फळ मार्केट, आंब्याचा पल्प काढणारा कारखाना, एखादी मोठी ज्यूस कंपनी. तुमचा प्रकल्प हे गणित तपासण्यासाठी आहे. स्कूटर चालवण्यासाठी नाही.

कचरा गोळा करणं

वाशीच्या एपीएमसीच्या फळ मार्केटात किंवा क्रॉफर्ड मार्केटात सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत माल उन्हात बसतो आणि साखर तुमच्या आधी दुसरेच जीवाणू खाऊन टाकतात. गाळ्यावर 'सडका माल द्या' असं न म्हणता 'उतरलेला, डागी माल' मागा. सडका म्हणजे बुरशी लागलेला, तो नकोच. काळी-हिरवी बुरशी दिसली की फळ सरळ बाजूला. आंबूस, शिरक्यासारखा वास आला तरी नको, कारण तिथे अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल होऊन गेलेलं असतं आणि ते आम्लच पुढे यीस्टला छळतं.

नवख्यांनी केळी, पपई, चिकू, अननस आणि हंगामात आंबा घ्यावा. केळी पूर्ण पिकलेली हवीत. कच्च्या केळ्यात साखरेच्या जागी स्टार्च असतो आणि साध्या यीस्टला तो फोडता येत नाही, त्यासाठी स्टार्च फोडणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) वेगळं घालावं लागतं. कलिंगडात पाणीच फार.

मोसंबी आणि संत्र्याबाबत सावध राहा. मुंबईत सगळ्यात सहज मिळणारा कचरा म्हणजे ज्यूसवाल्याच्या गाडीखालच्या मोसंबीच्या साली, आणि नेमका तोच नवशिक्यांना दगा देतो. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं. मोसंबीची साल डोळ्यांसमोर पिळली की झोंबतं ते हेच तेल, आणि यीस्टलाही ते तितकंच नकोसं असतं. पिळून उरलेला गर चालेल. साल वापरायचीच असेल तर आधी वाफेने तेल काढावं लागतं, आणि तो स्वतंत्र प्रकल्प होतो.

आणलेला माल लगेच धुवा. स्टिकर, रबरबँड, प्लॅस्टिकच्या जाळ्या आणि आंब्याच्या कोयी काढून टाका आणि उरलेल्याचं वजन करा. मग सगळं एकत्र मिक्सरमधून काढून, पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. आजचा चिकू आणि परवाचा चिकू यांच्या साखरेत इतका फरक पडतो की एकाच घाण्याचा गर सगळ्या प्रयोगांना वापरला नाही तर फरक यीस्टचा की चिकूचा, हे कधीच कळत नाही.

रस तयार करणं

गरात पाणी घालताना हात आखडता ठेवा. जास्त पाणी म्हणजे कमी साखर, कमी साखर म्हणजे कमी अल्कोहोल, आणि शेवटी ते पाणी उकळत बसायला जास्त वीज. मिश्रण फारच घट्ट असेल तर बाजारात मिळणारं पेक्टिनेज, म्हणजे पेक्टिन तोडणारं विकर, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घालून कोमट ठेवा. गर पातळ होतो आणि मलमलच्या कापडातून झरझर गळतो. पण पेक्टिनेजनेही मिथेनॉल सुटतंच, हे ध्यानात असू द्या.

नंतर सामू (पीएच) ४.५च्या आसपास आणा. एवढ्या आंबटपणात यीस्ट खुशीत असतं आणि बरेचसे जीवाणू नाराज. फळांच्या रसात नायट्रोजन कमी असतो, म्हणून लीटरला अर्धा ते एक ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट घाला. मग रस ८० अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटं तापवून गार करा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना ठेवला तर निर्जंतुक नक्कीच होतो, पण साखर करपून तपकिरी होते आणि त्यातले काही पदार्थ यीस्टला त्रास देतात. सालीवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून जास्तीची साखर काढण्याचा मोह पहिल्या वेळी टाळा. त्यात यीस्टला घातक असं फुरफुराल तयार होतं, शिवाय सालीतून निघणारी झायलोज ही साखर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या नेहमीच्या यीस्टला आंबवताच येत नाही.

साखर मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर दाखवणारं उपकरण) पुरतो, पण फक्त सुरुवातीला. अल्कोहोल तयार व्हायला लागलं की त्याचा आकडा फसवतो. डीएनएस या रंग बदलणाऱ्या रसायनाच्या पद्धतीने मोजणार असाल तर एक खोच आहे: ती फक्त ग्लुकोज, फ्रुक्टोजसारखी क्षपणकारी साखर पकडते, आणि आंबा, केळं, अननस यांत सुक्रोज बरंच असतं. थोडा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून, उदासीन करून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सुक्रोज. हा आकडा जपून ठेवा, पुढे यीस्ट निवडताना उपयोगी पडणार आहे.

यीस्ट: चिवट, पण कशाच्या बाबतीत?

या कामात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'चिवट यीस्ट मिळालं' असं विद्यार्थी सांगतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा. उष्णतेला? अल्कोहोलला? आम्लाला? दाट साखरेला? या चार वेगवेगळ्या परीक्षा आहेत, आणि एकीत पहिला आलेला दुसरीत नापास होतो. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस ४५ अंशांनाही वाढतं, पण अल्कोहोल सोसण्यात सॅकरोमायसिसच्या मागे पडतं. पिचिया कुद्रियावझेवी उष्णता आणि आम्ल दोन्ही पचवतं, सडक्या फळांवर भेटतंही, पण सुक्रोज आंबवत नाही. तुमच्या रसात निम्मी साखर सुक्रोज असेल तर हा गडी निम्मं ताट तसंच ठेवून उठतो. मघाचा आकडा त्यासाठीच.

सुरुवातीला यीस्टचा ओळखीचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण, हाताशी ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या तशाच संग्रहामधून तो मागवता येतो. तोवर बेकरीचं कोरडं यीस्टही चालेल. तुम्ही वेगळं काढलेलं यीस्ट चांगलं की वाईट हे या ओळखीच्या स्ट्रेनच्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

स्वतःचं यीस्ट वेगळं काढायचं असेल तर जिथे हाल जास्त तिथे शोधा: उन्हात फुटलेला चिकू, ज्यूस सेंटरचा अननसाचा चोथा, वसई-पालघरकडची ताडी. नमुना निर्जंतुक रसात टाका, सामू ३.५ ते ४ करा, पाच टक्के इथेनॉल घाला आणि ३७ अंशांना दोन दिवस ठेवा. जे टिकेल ते पातळ करत करत वायपीडी अगरच्या प्लेटवर पसरा. या माध्यमात एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोन टक्के पेप्टोन, दोन टक्के डेक्स्ट्रोज आणि दोन टक्के अगर असतं. जीवाणू रोखायला लीटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला. ४८ तासांनी सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत, पावासारखा वास असलेल्या वसाहती दिसतील. वास झाकण किंचित किलकिलं करून आला तेवढाच घ्यायचा, प्लेट नाकाला लावायची नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटलेल्या कळ्या दिसल्या की तोच नमुना पुन्हा रेघून शुद्ध करा.

मग परीक्षा. प्रत्येक स्ट्रेन परीक्षानळ्यांत, आत डरहॅम नळी, म्हणजे वायू पकडणारी छोटी नळी, उलटी ठेवून: ३०, ३७, ४० आणि ४२ अंश, इथेनॉल ५, ८ आणि १० टक्के, साखर १०, २० आणि २५ टक्के. नुसती वाढ बघू नका, डरहॅम नळीत वायू साठला का ते बघा. काही यीस्ट उष्णतेत मजेत वाढतात, पण आंबवत काहीच नाहीत. सगळ्या परीक्षांत बऱ्यापैकी पास होणारा स्ट्रेन एकाच परीक्षेत अव्वल येणाऱ्यापेक्षा बरा.

इथे एक धोक्याची सूचना आहे, जी प्रकल्पाच्या वह्यांमध्ये क्वचित दिसते. पिचिया कुद्रियावझेवी म्हणजेच रुग्णालयांना माहीत असलेलं कॅन्डिडा क्रुसेई. ३७ अंशांच्या वर सुखाने वाढणारं यीस्ट माणसाच्या शरीरातही वाढू शकतं, हे त्या गुणाचंच दुसरं टोक आहे. त्यामुळे तुमच्या स्ट्रेनची आयटीएस या डीएनएच्या तुकड्याच्या अनुक्रमावरून ओळख पटेपर्यंत हातमोजे, तोंडाने पिपेट ओढायची नाही, आणि मोठ्या भांड्यात लावायचं नाही. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा भाग सहकाऱ्याला करू द्या.

आंबवणं आणि वजन

निवडलेलं यीस्ट त्याच रसात रात्रभर वाढवा. मिथिलीन ब्लू लावून बघा: मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत बिनरंगी राहतात. बहुतेक पेशी जिवंत असतील तर मुख्य रसात पाच ते दहा टक्के इनॉक्युलम, म्हणजे हा वाढवलेला यीस्टचा रस, घाला. फ्लास्क दोन तृतीयांशच भरा, फेस वर येतो. तोंडाला रबरी बूच, त्यातून वाकडी काचनळी आणि नळीचं टोक पाण्यात. वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. बूच घट्ट लावून नळी विसरलात तर बाटली फुटते.

आता या लेखातलं माझं सगळ्यात आवडतं साधन: दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा साधा वजनकाटा. प्रत्येक ४६ ग्रॅम इथेनॉलमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे फ्लास्कचं वजन जितकं घटलं त्याला १.०४५ने गुणलं की तयार झालेलं इथेनॉल मिळतं. समजा २०० मिलिलीटर रसात २४ ग्रॅम साखर होती. जास्तीत जास्त इथेनॉल १२.२६ ग्रॅम. तीन दिवसांत वजन ९.६ ग्रॅमने घटलं, तर इथेनॉल साधारण १० ग्रॅम, म्हणजे कमाल आकड्याच्या ८२ टक्के उतारा. ना महागडं यंत्र, ना नमुना काढताना होणारा संसर्ग. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना, फ्लास्क हलकेच फिरवून अडकलेला वायू सोडा, बाहेरून पुसा, वजन करा. शेजारी यीस्ट न घातलेला तसाच फ्लास्क ठेवा. त्यात नुसत्या बाष्पीभवनाने जेवढी घट होईल तेवढी वजा करा. वेळ आणि वजन आलेखावर मांडलं की यीस्ट कधी जागं झालं, कधी जोरात होतं, कधी दमलं, सगळं दिसतं. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की काम संपलं. बहुधा ४८ ते ७२ तासांत.

वजनाची एक मर्यादा आहे: काही जीवाणूही वायू सोडतात. म्हणून शेवटी थोड्या नमुन्याचं ऊर्ध्वपातन करून त्यावर आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटची कसोटी लावा. नारिंगी रंग हिरवा होतो आणि रंगमापकाने प्रमाण काढता येतं. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, त्यामुळे हातमोजे हवेतच, आणि उरलेलं बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करा.

तापमानाबद्दल दोन शब्द. सॅकरोमायसिसला ३० ते ३२ अंश मानवतात, आणि मे महिन्यात मुंबईच्या बिनएसीच्या प्रयोगशाळेत दुपारी त्याहून जास्त असतं. फ्लास्कमध्ये हे निभावतं. मोठ्या टाकीत मात्र आंबवण्याची स्वतःची उष्णता साठते, आणि थंड करायला जे पाणी वापरायचं तेच इथे कोमट. उष्णता सोसणाऱ्या यीस्टचा खरा फायदा हा, थंड करण्याचा खर्च वाचतो. फ्लास्कवर काम करताना हा फायदा दिसणार नाही, म्हणून ३० आणि ४० अंशांना दोन जोड्या लावा आणि उताऱ्यातला फरक मोजा.

बिघडलं तर

बारा-पंधरा तासांत बुडबुडे नाहीत? बुचाजवळ गळती आहे का ते साबणाच्या पाण्याने बघा. निम्म्या वेळा यीस्ट ठीक असतं आणि बूच सैल असतं. पृष्ठभागावर पांढरी सुरकुतलेली साय आली तर आत हवा जातेय आणि हवेवर जगणारं यीस्ट अल्कोहोल खातंय. मध्येच थांबलं आणि साखर शिल्लक आहे तर नायट्रोजन कमी पडला असेल किंवा उरलेली साखर त्या यीस्टच्या कामाची नसेल. शिरक्याचा वास आला तर वह्या भरत बसू नका, टाकून द्या.

ऊर्ध्वपातन

परवानगी असेल तरच, आणि मार्गदर्शक खोलीत असतानाच. उघडी ज्योत नको, हीटिंग मँटल, म्हणजे चंबूभोवती बसणारी विजेची शेगडी, हवं. चंबू अर्ध्यापर्यंत भरा, रस उसळू नये म्हणून पोर्सेलीनचे तुकडे टाका. इथेनॉल ७८.४ अंशांना उकळतं, मिथेनॉल ६४.७ला, सुरुवातीचा थोडा भाग वेगळ्या बाटलीत काढा, पण एवढ्याने मिथेनॉल पूर्ण गेलं असं समजू नका. नळाचं पाणी उन्हाळ्यात कोमट असतं, म्हणून कंडेन्सरला, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीला, बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने पाणी फिरवा, नाहीतर अर्धी मेहनत खिडकीतून जाते.

पाच टक्क्यांच्या रसातून एका फेरीत इंधन मिळत नाही. पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केलं तरी वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते, कारण तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. त्यापुढे तीन अँगस्ट्रॉम छिद्रांची आण्विक चाळणी लागते. तिच्यात पाणी शिरतं, इथेनॉल शिरत नाही. प्रकल्पासाठी इथपर्यंत जायची गरज नसते. बशीत चार थेंब घेऊन, बाटली दूर ठेवून, पेटवून दाखवलं की परीक्षकांचं समाधान होतं. इथेनॉलची ज्वाला फिकट निळी असते आणि उजेडात दिसत नाही, त्यामुळे विझली समजून हात घालू नका.

उरलेला रस ऑटोक्लेव्ह करून यीस्ट मारा. तो थेट गटारात सोडला तर पाण्यातला ऑक्सिजन भरपूर खातो. कॉलेजात बायोगॅसचं संयंत्र असेल तर तिथे द्या, चोथा खतासाठी चालतो.

चांगला निघालेला स्ट्रेन मात्र फेकू नका. तिरक्या अगरवर चार अंशांना काही महिने टिकतो, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना वर्षानुवर्षं. नळीवर कोणत्या फळावरून, कोणत्या मार्केटमधून, कोणत्या तारखेला आणि किती अंशांना काढला एवढं पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई फ्रीझरमध्ये आणि अल्कोहोलच्या हाताने पुसली जाते.